काळ्या मनुका

आमच्या घरात शनिवारला एक वास होता. सगळ्याच शनिवारांना नव्हे. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी जो यायचा, त्या शनिवारला. त्या दिवशी उन्हे कलली की आईच्या चुलीवर काळ्या मनुका शिजत, आणि त्यांचा तो गोड, जड, तळाशी किंचित आंबूस आणि कडेला जरासा करपट असा वास आधी स्वयंपाकघरात घुटमळे, मग माजघरातून ओसरीवर येई, तिथून पायऱ्या उतरून अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर पुस्तक घेऊन पडलेल्या माझ्यापर्यंत पोचे, आणि मान वर न करताच मला कळे की उद्या प्रभुभोजन आहे. भिंतीवरचे कॅलेंडर पाहायची गरज पडत नसे. आजही कुणाच्या घरी, कुठल्याही निमित्ताने, मनुका शिजत असल्या की माझ्या आत कुठे तरी शनिवार होतो.

नगर जिल्ह्यातले आमचे गाव. अमेरिकन मराठी मिशनची माणसे नगरला आली १८३१ साली, आणि त्यांच्या मागून खेड्यापाड्यांत ज्या लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतलीच आमची एक. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे, बाहेर लोखंडी चौकटीला टांगलेली घंटा. मंडळीत दारूचे नाव काढायची सोय नव्हती. ताजी द्राक्षे हंगामापुरती, तीही तालुक्याच्या बाजारात. त्यामुळे प्रभुभोजनाचा द्राक्षरस हा मनुकांचाच असायचा, आणि तो करण्याचे काम, कोणी कधी ठराव न करता, आईकडे आलेले होते. तिच्याआधी ते आजीकडे होते.

शुक्रवारी रात्री जेवणे आटोपली की आई सुपात मनुका निवडायला घ्यायची. देठ काढायचे, खडा दिसला तर टाकायचा, कीड लागलेली एखादी बाजूला सारायची. मग दोन पाण्यांनी धुऊन त्या पितळेच्या पातेल्यात भिजत घालायच्या. ते कल्हईचे पातेले एरवी फळीवर पालथे असे. त्यात दुसरे काही शिजलेले मी पाहिले नाही. शनिवारी दुपारपर्यंत मनुका टम्म फुगायच्या, पाण्याला जांभळट तपकिरी रंग सुटायचा, आणि मग मंद आचेवर, झाकण अर्धे सरकवून, ती त्यांना इतक्या सावकाश शिजू द्यायची की वेळ ही गोष्टच त्या पातेल्यात विरघळते आहे असे वाटावे. गार झाल्यावर हाताने कुस्करायच्या, धुवट पंचातून गाळायच्या, पिळायच्या. गाळताना आई अवाक्षर बोलत नसे. ती प्रार्थना करीत असणार, असे मी लहानपणी धरून चालले होते. पुढे मोठेपणी एकदा विचारले, तर म्हणाली, "अगं, बोललं की मोजणी चुकते. किती वाट्या झाल्या ते ध्यानात ठेवावं लागतं."

पंचात उरलेला चोथा आम्हा भावंडांचा. मी तो चमच्याने खायची, अगदी शिष्टासारखी. धाकटा मात्र बाजरीच्या गरम भाकरीवर पसरून, वर तुपाचे बोट फिरवून, हनुवटीपर्यंत माखून घेत खायचा, आणि तोंड भरलेले असताना जाहीर करायचा, "रस उद्याचा, चोथा आजचा." दृढीकरण होईपर्यंत मुलांना प्रभुभोजन घेता येत नसे. रविवारी थोरली माणसे पुढे जाऊन गुडघे टेकायची, पांढऱ्या कापडाखालून पावाचे लहान तुकडे आणि काचेचे बोटभर पेले निघायचे, सगळे देऊळ गंभीर व्हायचे; आणि बाकाच्या मागच्या टोकाला धाकटा माझ्या कानाला लागायचा, "आपण तर कालच खाल्लंय." मला हसू आवरत नसे. आई पुढून मागे वळून पाहायची नाही, पण तिची पाठ आम्हाला दटावत असे.

त्या पाठीवर मी प्रेम केले. आणि त्या वासावरही.

धाकट्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्याचे नुकतेच लग्न ठरले होते. मंडळीने उपास केले, रात्री जागवल्या. घरोघरी त्याच्यासाठी प्रार्थना झाल्या. बाहेरगावचा एक उपदेशक आला, त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून उभा राहिला, आणि म्हणाला की देवाने मला दाखवले आहे, हा मुलगा उठणार. आम्ही सगळ्यांनी हालेलुया म्हटले. माझाच आवाज सर्वांत मोठा होता. पावसाळा सरता सरता धाकटा गेला.

त्याच्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही. दुःख होते, ते होते. खेड्यातल्या माणसांना मरणाची ओळख करून द्यावी लागत नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात, भेटायला आलेल्यांपैकीच एक गृहस्थ, आमच्याच मंडळीतले, ओसरीवर बसून चहा पिता पिता म्हणाले की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असावा. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटले असेल असे आजही मला वाटत नाही. त्यांना हिशेब जुळवायचा होता, एवढेच. आई तेव्हा रिकामे कप उचलत होती. तिने ते ऐकले. कप बशीवर जरा वाजला, आणि ती आत गेली.

मरणाने माझी श्रद्धा गेली नाही. त्या वाक्याने गेली.

पुढे मंडळीच्या जमिनीवरून भांडण उठले. दोन तट पडले, दोन कमिट्या झाल्या, एकाने लावलेल्या कुलपावर दुसऱ्याने कुलूप चढवले, आणि प्रकरण कोर्टात गेले. असे आमच्याकडेच झाले असे नाही, म्हणून त्याचे वर्णन करीत बसत नाही. मी नोकरीसाठी पुण्याला होते. गावी आले की आईबरोबर उपासनेला जायची, कारण तिला एकटीला पाठवणे माझ्याने होत नसे. गीते तोंडपाठ होती, ती म्हणायचीही. रेव्हरंड टिळकांच्या गीतांच्या चाली इतक्या खोल मुरलेल्या होत्या की मनात काही नसले तरी गळा आपला चालू राहायचा. कधी गाता गाता आठवायचे की खुद्द टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली होती आणि 'देवाचा दरबार' काढला होता, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही बसू शकत. म्हणजे मंडळीच्या चौकटीत जीव घुसमटणे हे काही माझेच नव्हते. पण टिळक ख्रिस्ताला घेऊन बाहेर पडले होते. मी रिकाम्या हाताने बसले होते.

प्रभुभोजनाच्या वेळी मात्र उठत नसे. रांग पुढे सरकायची, बाक रिकामे व्हायचे, आणि मी गुडघ्यांवर उपासना संगीत ठेवून तशीच. आईने एकदाही विचारले नाही. परत येऊन शेजारी बसायची. तिच्या श्वासाला मनुकांचा वास असायचा. मला तो सहन होत नसे. मग मी पहिल्या रविवारी गावी जाणेच टाळू लागले. असे कितीतरी शनिवार मी पुण्यात काढले, ज्यांना कुठलाच वास नव्हता.

मग आईची दृष्टी गेली. एकदम नाही, आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात, मग अक्षरे. मोतीबिंदू काढले, पण मागचा पडदाच झिजला होता. तोवर मीही निवृत्त होऊन गावी आले होते, आणि आईने अगदी सहज, भाजी निवडून दे म्हणावे तसे म्हटले, "संध्याकाळी जरा वाचून दाखवत जा."

तुझा विश्वास आहे का, असे तिने विचारले नाही. वाचायला डोळे लागतात. तिच्याकडे नव्हते, माझ्याकडे होते.

आमच्या घरातले पवित्र शास्त्र पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचे. देवळात बायबल सोसायटीचे वाचले जायचे, घरात हे. त्याला कारण पणजी. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावच्या मुक्ती सदनात ज्या पोरी आल्या, त्यांतली ती एक. हाडांवर कातडे ओढलेली आली. वाढली, मराठी शिकली, आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला बसली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे त्यांनी शास्त्राचे भाषांतर करण्यात घालवली, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत. छपाई त्याच आवारातल्या बायका आणि मुली करीत. पणजीच्या बोटांनी जुळवलेली काही पाने या पुस्तकात असणार, असे आमच्याकडे धरून चालतात, आणि म्हणून वाचणारा पान उलटताना बोटाला थुंकी लावत नाही.

लहानपणापासून ही कथा ऐकत आले होते. पण ते पुस्तक संध्याकाळ-संध्याकाळ वाचताना त्या कथेतला एक कोपरा नव्याने दिसू लागला. १९२१ च्या जुलै महिन्यात रमाबाईंची एकुलती एक लेक, मनोरमा, गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. या दोन मरणांच्या मधे जे महिने आहेत, त्यांत त्या मुद्रिते तपासत होत्या. पूर्ण पुस्तक बाहेर आले ते १९२४ साली, त्या गेल्यावर. ज्या देवाने लेक नेली, त्याच्याच पुस्तकातल्या वेलांट्या आणि अनुस्वार ती बाई रोज उठून दुरुस्त करीत बसली होती. याला काय म्हणावे? मी पूर्वी याला श्रद्धा म्हणून मोकळी झाले असते. आता मला ते तसे म्हणवेना. ते काहीतरी अधिक हट्टी होते. याच रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीत सांगून ठेवले आहे की १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यावरही पुढची आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. म्हणजे त्या ओट्यापर्यंत पोचून बाहेर बसलेल्यांतल्या होत्या. मला बरे वाटले. अशा सोबतीत कितीही वर्षे बसता येते.

आम्ही स्तोत्रे वाचत होतो. रोज दोन किंवा तीन, आईला झोप येईपर्यंत. अठ्ठ्याऐंशीवे लागले त्या संध्याकाळी वीज गेलेली होती. कंदील लावून वाचत होते. बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटाकडे वळतात, रडणारा उठतो, उपकार मानतो. हे वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस देवाला तोंडावर विचारतो की तू मला का टाकलेस, आणि उत्तर न मिळताच, अंधारात, स्तोत्र संपते. मी पुढची ओळ शोधली. पुढे एकोणनव्वदावे होते.

मी थांबले. आई म्हणाली, "संपलं?"

"हो."

"असंच संपतं ते," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "तरी काढून नाही टाकलं कुणी. ठेवलंय की आत."

त्या रात्री मी पुष्कळ वेळ जागी होते. माझ्या रागाला देवळाबाहेर उभे राहावे लागते, अशी माझी समजूत होती. तो तर आधीपासूनच आत बसलेला निघाला, पानांच्या मधोमध, पणजीसारख्याच कुणा पोरीने एकेक खिळा उचलून जुळवलेला. श्रद्धा परत आली वगैरे काही नाही. फक्त वाचताना पूर्वी घशात जे अडकत असे, ते अडकेनासे झाले.

पुढे पौलाची पत्रे आली. करिंथच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र वाचताना मला हसू आले, आणि आई म्हणाली, "काय गं?" प्रभुभोजनाच्या वेळी पाळक जे शब्द वाचतात, त्या रात्री येशूने भाकर घेतली, मोडली, ते सगळे, मी जन्मापासून ऐकत आले, पण ते पौलाने कशाच्या संदर्भात लिहिले हे कधी मनात भरले नव्हते. करिंथची मंडळी भांडत होती. तट पडले होते. भोजनाला जमायचे तर खाते-पिते लोक आधीच जेवून घ्यायचे, आणि दमून उशिरा आलेले गरीब उपाशी राहायचे. पौल संतापला होता. तुमच्या जमण्याने फायद्यापेक्षा नुकसानच होते, इथपर्यंत त्याने सुनावले, आणि त्या रागाच्या मधे त्याने त्या रात्रीची हकीगत लिहून ठेवली. शुभवर्तमाने अजून लिहिली जायची होती. प्रभुभोजनाचा आपल्याकडे असलेला सर्वांत जुना लिखित वृत्तांत हा एका भांडखोर मंडळीला लिहिलेल्या खरमरीत पत्रात आहे. आणि मी आमच्या दोन कुलपांकडे बघून ठरवले होते की इथे आता ख्रिस्ताचे काही उरलेले नाही! तसे पाहिले तर पहिल्या पंगतीलाच काय माणसे होती: एक त्याच रात्री धरून देणारा, एक पहाटेच्या आत ओळख नाकारणारा. वाढणाऱ्याला ते ठाऊक होते. त्याने वाढले.

पण मला धरले, ते लूकच्या शेवटच्या अध्यायाने.

अम्माऊस हे गाव यरुशलेमेपासून सात मैलांवर. दोघे जण तिकडे चालले आहेत; एकाचे नाव क्लयपा, दुसऱ्याचे नाव लूकने सांगितलेले नाही. ते यरुशलेमेकडे पाठ करून चालले आहेत, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते. जे व्हायचे ते होऊन गेले आहे, गुरूला खांबाला खिळले आहे, तिसरा दिवस उजाडला आहे, सकाळी काही बायकांनी कबर रिकामी असल्याचे सांगितले तेही त्यांना खरे वाटलेले नाही, आणि आता ते निघाले आहेत. घरी, बहुधा. वाटेत एक अनोळखी माणूस बरोबर चालू लागतो आणि विचारतो की काय बोलत होतात. ते उभे राहतात, उदास. आणि मग सांगतात की आमची केवढी आशा होती त्याच्यावर. आईला हे वाचून दाखवताना माझा आवाज फुटला. रस्त्यात उभे राहून परक्या माणसाला ही गोष्ट सांगणारी ती दोन माणसे मला इतकी ओळखीची वाटली, की आमच्या ओसरीवरून उठून गेली असावीत.

तो माणूस त्यांना शास्त्र उलगडून सांगतो, मोशेपासून सगळे. त्यांची मने आतून पेटतात, पण ओळख पटत नाही. हे मला फार खरे वाटते. संध्याकाळ होते, गाव येते, तो पुढे जाणार असल्यासारखे दाखवतो, आणि ते दोघे त्याला अडवतात: दिवस कलला आहे, आमच्याकडे राहा. देवाने त्यांना अडवले नाही. त्यांनी देवाला अडवले, आणि तेही तो देव आहे म्हणून नव्हे, अंधार पडतो आहे आणि वाटसरू एकटा आहे म्हणून. मग जेवण. पाहुणाच भाकर हातात घेतो, आशीर्वाद मागतो, मोडतो, देतो. आणि त्या क्षणी डोळे उघडतात. आणि उघडताच तो दिसेनासा होतो.

आईने पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "ती भाकर कुणी केली असेल गं?"

मला काही सुचेना.

"कुणीतरी थापलीच असेल ना. अवेळी पाहुणा आलेला. चूल पुन्हा पेटवली असेल."

हे मी माझ्या भाचीला फोनवर सांगितले. ती डब्लिनला नर्स आहे. तिने चार दिवसांनी एका चित्राचा फोटो पाठवला. तिथल्या राष्ट्रीय कलादालनातले, वेलास्केझचे, चारशे वर्षांपूर्वीचे. एक सावळी मोलकरीण ओट्याशी ओणवी उभी आहे, डोक्याला पांढरे फडके, पुढ्यात भांडी, सुरई, लसूण. हात सुरईवर थबकलेला आहे आणि मान कललेली, मागून काहीतरी ऐकू येत असल्यासारखी. मागे भिंतीत एक झरोका आहे, आणि त्यात लांबवर, पुसटसे, अम्माऊसचे जेवण चालले आहे. तो झरोका कित्येक वर्षे रंगाखाली झाकलेला होता; १९३३ साली चित्र साफ करताना वर आला. तोवर लोक त्याला नुसते स्वयंपाकघराचे चित्र समजत. आईला ते दिसणे शक्य नव्हते, म्हणून मी वर्णन करून सांगितले. ती ऐकत राहिली. म्हणाली, "म्हणजे तिला आधी कळलं."

त्या महिन्यात मनुका मी शिजवल्या. आईचे हात कापत होते, आणि पाळकांनी नगरहून बाटली आणतो म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला होता; बाकी कारण काही नाही. मी अजून बाकावर बसणाऱ्यांतलीच होते, आणि हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "बरं. पण देठ नीट काढ." शुक्रवारी रात्री सूप घेऊन बसले. शनिवारी तो वास उठला, आणि मी चुलीपासून दूर पळाले नाही. उभी राहिले. धाकट्याची हनुवटी आठवली. त्याचे दवाखान्यातले तोंड आठवण्याऐवजी, कितीतरी वर्षांनी, तुपाने माखलेली हनुवटी आठवली. आणि मग पंचा पिळता पिळता मी इतकी रडले की किती वाट्या झाल्या ते काही ध्यानात राहिले नाही. आई दारात खुर्चीवर बसून होती. तिने काही विचारले नाही. चोथा बशीत काढून तिच्या हातात दिला, तेव्हा म्हणाली, "भाकरी आण थोडी."

रविवारी रांग सुरू झाली, आणि आईला हाताला धरून पुढे नेणे भाग होते. तिला कठड्याशी गुडघ्यांवर बसवले. परत फिरायचे होते. पण तिची बोटे मनगटावरून सुटेनात, आणि खरे सांगायचे तर मी ती सोडवायला फारशी धडपडले नाही. टेकले गुडघे. पावाचा तुकडा हातावर आला, साधा, बेकरीतला. मग पेला. तो रस मी स्वतः केला होता, त्यात काय आहे ते मला पूर्ण ठाऊक होते: मनुका, पाणी, चमचाभर साखर. आणि तरीही तो मला दिला गेला. मी केलेली वस्तू, दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या नावाने, मला दिली गेली. यापलीकडे त्या क्षणाचे मला काही सांगता येत नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. माझ्या डाव्या बाजूला कोण गुडघे टेकून आहे, हे उठताना पाहिले: चहा पिता पिता हिशेब जुळवणारे तेच गृहस्थ, आता फार थकलेले. त्यांना उठता येईना. मी कोपराला धरून उठवले. त्यांनी ओळखले की नाही, कोण जाणे. "जय ख्रिस्त," म्हणाले. मीही म्हटले.

त्यांना मी क्षमा केली आहे का, हे मला कोणी विचारू नये. कोर्टातली तारीख पुन्हा पुढे गेली आहे. धाकटा का गेला, त्या उपदेशकाला देवाने नेमके काय दाखवले होते, हे प्रश्न जिथे होते तिथेच आहेत. मी ते सोडवलेले नाहीत, आणि आता प्रार्थनेत ते तसेच, न गाळता, पुढे ठेवते. पहिल्या रविवारी पुढे जाते. कधी मन भरून येते, कधी नुसतेच गुडघे दुखतात.

संध्याकाळचे वाचन चालू आहे. सध्या ईयोब. बेचाळीस अध्याय आहेत आणि आईला कसलीही घाई नाही. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तेवढ्यापुरते तिने त्यांचे कौतुक केले. पण ते तोंड उघडून बोलायला लागले, तुझ्याच हातून काहीतरी चुकले असणार असे सुचवू लागले, तशी ती खुर्चीत अस्वस्थ व्हायला लागली. परवा मला मधेच थांबवून म्हणाली, "हे तिघं आपल्याकडे चहाला येऊन गेलेत."